गिरण कुणाची, त्यावर पिठाचा भाव

मागच्या खेपेला तवकिरीच्या, म्हणजे कुळागरातल्या पांढऱ्या लांबट कंदातून काढलेल्या सत्त्वाच्या, वडीबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि वडीपेक्षा तवकिरीबद्दलच जास्त पत्रे आली. कंदांची पिठे आणि त्यांचा सत्त्वांश (स्टार्च) विकावा कुठे, कसा, कितीला, हेच बहुतेकांचे विचारणे. या वेळी चार पत्रे घेते. पहिल्याला जास्त जागा देणार आहे, कारण ते पत्र वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले.

माई, आमच्या बचत गटात आठ बायका आहोत. कुळागरात पोफळींच्या सावलीत तवकिरीचा कंद भरपूर होतो. दोन वर्षे आम्ही तवकीर काढतो. पाहुणे, शेजारी कौतुक करून फुकट नेतात, पण विकत कोणी घेत नाही. दुकानदार म्हणतो, आरारूट पावडर दीडशे रुपये किलोने येते, तुमची कोण घेणार? खरेच बाजार आहे का?
— एक भगिनी, वाळपई

बाई, बाजार आहे. तो कुठे आहे हे कळायला मला सहा वर्षे लागली. तुमची सहा वर्षे वाचावीत म्हणून सविस्तर लिहिते.

2008 च्या फेब्रुवारीत आम्ही तिघी जावांनी मिळून अठरा किलो तवकीर काढली. पाव-पाव किलोच्या पुड्या बांधल्या आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन बसलो. दुपारी बारापर्यंत दोन पुड्या गेल्या. लोक येत, भाव विचारत, "दुकानात याच्या निम्म्याने मिळते" म्हणत आणि पुढे जात. बाराच्या सुमारास एक म्हातारी आली. तिने एक पुडी सोडायला लावली, चिमूटभर तवकीर अंगठ्या-बोटात धरून कानाशी नेली आणि चुरली. करकर वाजली तशी जिभेवर ठेवली. मग विचारले, "उदक कितले फावट बदललें?" मी म्हटले, चारदा. "आनी वयलो करडो थर?" खरवडून काढला, म्हटले. तिने सहा पुड्या घेतल्या, भावाचा शब्द काढला नाही. पुढच्या शुक्रवारी तिच्या वाड्यावरच्या दोघी शोधत आल्या.

त्या म्हातारीने विचारलेले दोन प्रश्न म्हणजे तुमचा सगळा बाजार. दुकानातली पावडर दीडशेने मिळते ती पुष्कळदा मक्याची नाहीतर टॅपिओकाची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, असते. तिच्याशी भावात झुंजायला गेलात तर हराल. ज्या माणसाला आत दुसरे काही मिसळलेले चालत नाही, त्याच्याचकडे जायचे. अशी माणसे गोव्यात तीन प्रकारची भेटतात. घरात तान्हे, बाळंतीण किंवा पोट बिघडलेला म्हातारा आहे आणि तवकिरीची पेज माहीत आहे, अशी घरे. उपवास कडक पाळणारी माणसे. आणि ज्यांना गव्हातले ग्लुटेन बाधते, तसली मुले असलेल्या आया. तिघांचा देव वेगळा, डॉक्टर वेगळा, पण प्रश्न एकच: यात दुसरे काही गेले आहे का?

माझ्या डोक्यात हे उतरले ते 2013 साली, आणि ते तवकिरीमुळे नव्हे, रताळ्याच्या पिठामुळे. मडगावहून एक बाई आली होती. तिच्या सात वर्षांच्या मुलाला गहू बंद केला होता. पीठ आवडले, दोन किलो बाजूला काढून ठेवायला सांगितले, पैसे देता देता तिने विचारले, "दळले कुठे?" मी सांगितले, गावच्या गिरणीत. तिने पाकीट हळूच परत ठेवले. गिरणीच्या जात्यात आधी दळलेल्या गव्हाचे पीठ राहतेच, ते तिच्या मुलाच्या पोटात जाणार होते. मला वाईट वाटले, रागही आला, पण तिचे बरोबर होते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायचे तर नियमाप्रमाणे किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि गावची गिरण ती हमी देऊ शकत नाही. पुढच्या वर्षी मी एक एचपीची घरघंटी घेतली. तिच्यात तांदूळसुद्धा कधी टाकलेला नाही. सूनबाई एकदा घाईत नाचणी दळायला निघाली होती, तिला हात धरून थांबवले. पाकिटावर एक ओळ वाढवली: "फक्त कंद दळण्याच्या वेगळ्या घरघंटीवर दळलेले." त्या एका ओळीवर माझा किलोमागे भाव वाढला आणि उपवासवालेही त्याच ओळीसाठी येऊ लागले, कारण एकादशीला गव्हाच्या गिरणीतले पीठ त्यांनाही नकोच असते. मडगावच्या त्या बाईला मी स्वतः फोन करून बोलावले. तो मुलगा आता कॉलेजात जातो.

तुमच्या तवकिरीला दळण लागत नाही, म्हणून तुम्ही या बाबतीत आधीच पुढे आहात. मात्र काढण्यात कसूर नको. पाने पिवळी पडून लवली की, म्हणजे साधारण पौष-माघात, कंद खणावा. वरचे पापुद्रे नखाने सगळे काढावेत. ते राहिले तर तवकीर कडवट होते आणि रंग मळतो. किसून किंवा रगड्यावर वाटून, धुतलेल्या जुन्या सुती लुगड्यातून पाण्यात पिळावे. पातेले हलवू नये. दोन-तीन तासांत वर तांबूस पाणी आणि तळाला पांढरा गोळा बसतो. पाणी ओतले की गोळ्याच्या वर करड्या रंगाची बुळबुळीत साय दिसते, तीच त्या म्हातारीने विचारलेली. ती चमच्याने खरवडायची, खालचा पांढरा भाग नव्या पाण्यात कालवायचा, पुन्हा बसू द्यायचा. चौथ्या पाण्याला वरचे पाणी विहिरीतून काढल्यासारखे नितळ राहते. रात्रभर पाण्यात ठेवायचे असेल तर थंड जागी ठेवा. एकदा मी आळस केला आणि सकाळी आंबूस वास आला, तो उन्हातही गेला नाही. मग गोळा कापडावर घालून वाळवायचा. नीट वाळला की चुन्याच्या भिंतीसारख्या भेगा पडतात आणि तुकडा मोडताना टचकन आवाज येतो.

आता हिशोब. शंभर किलो कंदातून मला बारा किलो तवकीर मिळते, कधी तेरा. आपल्या परसातला कंद फुकट धरू नका, ही चूक बहुतेक बायका करतात. मी तीस रुपये किलो धरते, म्हणजे तीन हजार. चार बायकांची एक दिवसाची मजुरी, पाचशेप्रमाणे, दोन हजार. दोनशे ग्रॅमची साठ पाकिटे, लेबलासकट सातला एक, चारशे वीस. वीज, वाहतूक आणि सांडलवंड मिळून आणखी पाचशेऐंशी. झाले सहा हजार, म्हणजे किलोला पाचशे, पाकिटाला शंभर. मी दुकानाला एकशेचाळीसने देते, ते एकशेपंचाहत्तरला विकतात. स्वतः विकले तर वरचे पैसेही माझेच. तुम्ही फुकट देत होता, म्हणजे आपली मजुरी तुम्ही पाहुण्या-शेजाऱ्यांना भेट देत होता.

वेळही सांभाळा. तवकीर वाळते माघ-फाल्गुनात. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी असते, पावसाळ्याची बेगमी करायला लोक बाहेर पडलेलेच असतात. पहिला माल तेव्हा काढा. दुसरी मागणी आषाढीपासून नवरात्रापर्यंत, आणि ती भर पावसात. 2011 च्या श्रावणात माझी बावीस पाकिटे पणजीतल्या एका दुकानातून परत आली. पातळ पिशवीत भरली होती, आत गोळे झाले होते. दोष माझाच होता. आता माल स्टीलच्या डब्यांत घट्ट झाकून ठेवते आणि विकण्याच्या आदल्या आठवड्यातच जाड पाकिटांत भरते. पिठात ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाट मिळते.

एक कळकळीची गोष्ट. पाकिटावर "जुलाब थांबतात", "बाळ धष्टपुष्ट होते" असले काही छापू नका. कायद्यानेही ते चालत नाही. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, हे विचारणाऱ्या प्रत्येक आजीला मी सांगते, पाकीट विकले गेले नाही तरी चालेल. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा, चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवा. वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, घाण्याचा (बॅचचा) क्रमांक, तुमच्या गटाचा पत्ता, हिरवा ठिपका, सगळे हवे. आणि गावाचे नाव ठळक छापा. काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. आज गिऱ्हाईक मिरची मागत नाही, "खोल्याची" मागते. तुमच्या सत्तरी तालुक्याची तवकीर म्हणून ओळख व्हायला मानांकनाची वाट बघायला नको.

मावशी, माझे वय 27. पेडण्यात आमची दोन एकर मोकळी जमीन आहे. तिथे कसावा लावून स्टार्च काढायचा आणि कंपन्यांना विकायचा विचार आहे. सहा लाखांची मशिनरी बघून ठेवली आहे. बँक कर्ज देते. तुमचे मत?
— एक वाचक, पेडणे

बाळा, मशीन घेऊ नकोस. निदान या वर्षी नको.

स्टार्च विकत घेणाऱ्या कंपन्या टनाच्या भावाने बोलतात. आपल्याकडचा साबुदाणा ज्या टॅपिओकापासून, म्हणजे कसाव्यापासूनच, होतो, त्याचा बहुतेक धंदा तमिळनाडूत सेलमच्या आसपास एकवटला आहे. तिथल्या कारखानदारांची सहकारी संस्था 1981 पासून चालते, माल एका जागी येतो, तिथून देशभर जातो. शेत, कारखाना, गोदाम, व्यापारी, सगळे हाकेच्या अंतरावर. पेडण्यातल्या दोन एकरांनी त्यांच्याशी भावाची बरोबरी करायची म्हणजे होडीने आगबोटीशी शर्यत लावायची.

दुसरे असे, कसावा खणला की दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळ्या रेषा धरून खराब होऊ लागतो. नीट पिकला तर एकरी दहा टन येईल, दोन एकरांचे वीस. साली गेल्यावर सोळा टन, वाळून पाच-साडेपाच टन पीठ. मधले दहा टन पाणी तू कशाने उडवणार? उन्हाने उडवायचे तर वाळवायला फरशी आणि माणसे हवीत, यंत्राने उडवायचे तर विजेचे बिल नफा खाऊन टाकते. दिलासा एवढाच की कसावा जमिनीत थांबतो. एकदम न खणता आठवड्याला जेवढे वाळवता येईल तेवढेच खण. पण तोवर रानडुकरे थांबली पाहिजेत. पेडण्यात कंद लावायचा आणि कुंपण लावायचे नाही, हे मनातही आणू नकोस. कुंपणाचा खर्च तुझ्या कागदावर कुठे दिसला नाही.

विषाची गोष्ट गंभीरपणे घे. कसाव्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, कडू जातींत फार, गोड जातींतही सालीत असते. साल पूर्ण काढणे, किसणे, भिजवणे, आंबवणे, नीट वाळवणे, यातून ते कमी होते; जाडे काप नुसते उन्हात टाकून दळले तर पुरेसे कमी होत नाही. खाण्याच्या कसावा पिठासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. बियाण्याच्या काड्या ओळखीच्या माणसाकडून आणू नकोस. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यमला केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था 1963 पासून आहे. त्यांच्याकडून गोड जातीच्या काड्या घे. जुने गोव्याला आयसीएआरची किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे आधी जा, मोफत बोलतात. विकण्याआधी प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी कर.

तरीही तुझ्या कल्पनेत जीव आहे, फक्त कंपनी हे गिऱ्हाईक चुकीचे आहे. आसगाव, हणजूण, शिवोली या पट्ट्यात आता अशी उपाहारगृहे आहेत जिथे गहू नको म्हणणारे पाहुणे रोज येतात. कसाव्याच्या स्टार्चची ब्राझीलमध्ये चीज घालून छोटी गोल पावे करतात, ती करणारे बेकरही तिथे भेटतात. त्यांना महिन्याला दहा-वीस किलो लागते, पण खात्रीचे लागते. तू दहा गुंठे लाव. पहिल्या वर्षी उसन्या किसणीवर पन्नास किलो पीठ काढ. अर्धा-अर्धा किलोची पाकिटे स्वतः घेऊन दहा स्वयंपाकघरांत जा. आचाऱ्याला भेट, मालकाला नंतर. सकाळी दहाच्या आत जा, नंतर त्यांना उसंत नसते. तिघांनी दुसऱ्यांदा मागितले तर मला पुन्हा लिही, मग मशीन बोलू. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, असे ठेवले होते. अर्ज चालू आहेत का ते तेव्हा जिल्ह्यात विचार. पण अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे हा धंद्याचा मुहूर्त नव्हे.

सुरणाचे काप वाळवून पीठ केले. उपवासाच्या थालीपिठात घातले तर सगळ्यांचा घसा खाजला. पीठ फेकून द्यावे का?
— एक गृहिणी, डिचोली

फेकू नका, पण तसेच विकूही नका. सुरणात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. वाळवून ते जात नाहीत. काप पातळ करून चिंच, आमसूल किंवा बिंबलं घातलेल्या पाण्यात चांगले शिजवावे, पाणी टाकून द्यावे, मगच वाळवावे. सुरण शिजवून वाळवला की पिठाचा गुणही बदलतो, पाण्यात पटकन घट्ट होते, त्यामुळे थालीपिठात राजगिरा किंवा वरीच्या पिठासोबत चौथा हिस्साच घाला. पुढच्या वर्षी गजेंद्र जातीचा सुरण लावा, तो कमी खाजरा. तुमच्याकडचे पीठ आमसुलाच्या पाण्यात कालवून, भरपूर उकळून आधी स्वतः थोडे चाखून बघा. खाज राहिली तर झाडाच्या आळ्यात घाला.

आमची छोटी बेकरी आहे. रताळ्याचे पीठ पावात, केकमध्ये किती घालता येईल? आणि दुकानातली आरारूट म्हणजेच तवकीर का?
— एक पदेर, मडगाव

पहिले आधी. मैद्याच्या पावात दहामागे एक भाग रताळ्याचे पीठ घातलेत तर पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. त्याहून जास्त घातले की पाव फुगायला कुरकुरतो. केकमध्ये दहामागे तीन भागही खपतो, साखर थोडी कमी करा. नारिंगी गराची भू सोना जात मिळाली तर केकला रंगही येतो. पण तिचे काप कडक उन्हात वाळवले तर रंगाबरोबर त्यातले जीवनसत्त्वही उडते, म्हणून ते सावलीत, वाऱ्यावर वाळवलेलेच मागा. एक सांगते, मैदा उडत असलेल्या भटारखान्यात केलेला केक ग्लुटेनमुक्त म्हणून विकू नका, पीठ माझ्या घरघंटीचे असले तरी.

दुसरा प्रश्न थोडा घोटाळ्याचा आहे. आपण तवकीर म्हणतो ती कुळागरातल्या पांढऱ्या लांबट कंदाची, खरी आरारूट तीच. मध्य भारतात तिखूर म्हणतात तो रानहळदीच्या कुळातला, त्याचाही सत्त्वांश असाच काढतात, आणि काही घरांत त्यालाही तवकीरच म्हणतात. दोन्ही चांगले. दुकानातल्या पावडरीत मात्र काय आहे ते पाकिटामागे घटक वाचून ठरवा. आयोडीनचा थेंब टाकून निळी झाली म्हणून शुद्ध, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मका, बटाटा, टॅपिओका सगळेच निळे होतात. चमचाभर पावडर पाण्यात कालवून शिजवा. मक्याची असेल तर पेज पांढुरकी, धुरकट राहते. तवकिरीची काचेसारखी नितळ होते आणि तिला वास नसतो. टॅपिओका आणि बटाटाही नितळ होतात, त्यांना मात्र चुलीवर ओळखता येत नाही; तिथे सूक्ष्मदर्शकाखाली कण बघावे लागतात.

तुम्हाला महिन्याला किती लागेल ते कळवा. वाळपईच्या त्या आठजणींचा पत्ता, त्यांची परवानगी घेऊन, मी तुम्हाला देईन. पौषात त्यांचा कंद निघेल तेव्हा एकदा सकाळीच तिथे जा आणि चौथे पाणी ओततात ते स्वतः बघा.